वाचनालयाच्या साइटला गुगल लॉगिन लावतोय, दोन ठिकाणी अडकलोय

सांगलीचा_कोडर

मंडळी नमस्कार. आमच्या गावात एक ब वर्गाचं वाचनालय आहे, त्याची साइट मी फुकटात करून देतोय (फुकटात म्हणजे चहा आणि नवे दिवाळी अंक सगळ्यांच्या आधी वाचायला मिळतात एवढ्यावर). सभासद साधारण अकराशे. साइटवर काय, तर घरबसल्या पुस्तक आहे का बघायचं, दिवाळी अंकाला नंबर लावायचा, वर्गणी कधी संपतेय ते बघायचं, बास. आत्तापर्यंत सभासद क्रमांक आणि पासवर्ड होता पण अर्धे लोक दर आठवड्याला पासवर्ड विसरतात आणि मग वाचनालयातून मला फोन येतो, म्हणून म्हटलं गुगलचं बटण लावून टाकू, एकदाची कटकट मिटेल.

साइट जँगोमध्ये (पायथनचं वेब फ्रेमवर्क) आहे, त्यात बाहेरचं लॉगिन जोडणारं ऑलऑथ टाकलंय, पुढे दारात एनजिनएक्स हा वेब सर्व्हर. आता भानगड अशी की लॅपटॉपवर सगळं मक्खन चालतं आणि लाइव्ह सर्व्हरवर बटण दाबलं की गुगलचं पान येतं 'एरर ४००, रिडायरेक्ट यूआरआय मिसमॅच', म्हणजे परतीचा पत्ता जुळत नाही. गुगलच्या कन्सोलमध्ये (ॲपच्या सेटिंगचं पान) तो पत्ता टाकलाय, दहा वेळा तपासलाय, अक्षर न अक्षर बरोबर आहे. दोन रात्री गेल्या यात.

दुसरा प्रश्न जरा मोठा आहे. जुन्या सभासदांचे ईमेल आमच्याकडे आहेत, रजिस्टरवरून टाइप करून घेतलेले. माझा विचार होता की गुगलकडून जो ईमेल येईल तो सभासदांच्या टेबलात शोधायचा, सापडला की त्याला आत घ्यायचं. हे बरोबर आहे ना? कारण टेस्टला एका काकांनी लॉगिन केलं तर त्यांचं नवीनच रिकामं खातं तयार झालं आणि ते म्हणतात माझी पुस्तकं कुठं गेली.

फावला_वेळ

पहिल्याचं उत्तर सोपंय. त्या एररच्या पानावर खाली 'एरर डिटेल्स' अशी लिंक असते बघ, ती उघड, तुझ्या सर्व्हरने गुगलला नेमका कुठला पत्ता पाठवला ते तिथे दिसतं. पैज लावतो की तिथे पत्त्याच्या सुरुवातीला एचटीटीपी असेल, त्यापुढचा एस नसेल.

कारण एचटीटीपीएस (कुलूपबंद जोडणी) तुझं एनजिनएक्सवर संपतं, तिथून आत जँगोकडे साधं एचटीटीपीच जातं, त्यामुळे जँगोला वाटतं आपण एचटीटीपीवरच आहोत आणि तो परतीचा पत्ता तसाच बनवतो. गुगल हे तंतोतंत जुळवून बघतं, एस, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू, शेवटचा स्लॅश, काहीही इकडचं तिकडं चालत नाही. लॅपटॉपवर चालतं कारण लोकलहोस्टला (स्वतःच्याच मशीनला) साधं एचटीटीपी चालवून घेतात.

उपाय: एनजिनएक्समध्ये एक्स फॉरवर्डेड प्रोटो हा हेडर (विनंतीसोबत जाणारी ओळ, मूळ जोडणी एचटीटीपीएस होती का ते सांगणारी) सेट कर आणि जँगोच्या सेटिंग्जमध्ये सेक्युअर प्रॉक्सी एसएसएल हेडर लाव. फक्त एनजिनएक्सने तो हेडर स्वतः नव्याने लिहिला पाहिजे, बाहेरून आलेला तसाच आत सोडायचा नाही, नाहीतर कोणीही खोटा हेडर पाठवून जँगोला गंडवेल. आणि कन्सोलमध्ये काही बदललंस तर लगेच रिफ्रेश मारत बसू नको, ते लागू व्हायला पाच मिनिटांपासून काही तास लागू शकतात असं तिथंच लिहिलेलं असतं, आपण वाचत नाही एवढंच.

सांगलीचा_कोडर

भावा पैज जिंकलास. एस नव्हता. दोन रात्री कन्सोलकडे बघत होतो आणि गडबड माझ्याच घरात.

आता नवीनच. माझ्या जीमेलने आत जातंय, वाचनालयाच्या सचिवांच्या जीमेलने 'ॲक्सेस ब्लॉक्ड', ४०३. त्यांना वाटतंय मी मुद्दाम केलं.

फावला_वेळ

हाहा. तुझं ॲप अजून टेस्टिंगमध्ये आहे. त्यात जास्तीत जास्त १०० जण चालतात, तेही आधी यादीत नाव टाकलेले. कन्सोलमध्ये पब्लिश करून प्रॉडक्शनला ने. नुसतं नाव, ईमेल, फोटो एवढंच मागत असशील तर मोठी तपासणी नसते. ड्राइव्ह, कॉन्टॅक्ट असलं काही मागू नको, वाचनालयाला काय करायचंय.

मधली_सुट्टी

दुसऱ्या प्रश्नावर कोणी बोललं नाही म्हणून लिहिते, कारण खरा धोका तिथेच आहे आणि मी हे एका क्लासच्या साइटवर स्वतः करून बसलेय.

ईमेल म्हणजे माणूस नव्हे, हे आधी डोक्यात पक्कं कर. गुगल लॉगिन झालं की तुला जे टोकन (गुगलने सही केलेली ओळखीची माहिती) येतं त्यात 'सब' नावाची एक किंमत असते, लांबलचक आकडा, तो त्या खात्याचा कायमचा नंबर. माणसाने उद्या खात्याचा ईमेल बदलला तरी सब तोच राहतो, आणि एकाचा सब दुसऱ्याला कधी दिला जात नाही. गुगलच्या डॉक्युमेंटेशनमध्येच सांगितलंय की ओळख म्हणून हाच साठवा, ईमेल नको. कॉलेजचा किंवा कंपनीचा ईमेल असेल तर माणूस सोडून गेल्यावर तोच पत्ता दुसऱ्याला मिळू शकतो, मग तू कोणाला आत घेतोयस? टोकनमध्ये 'ईमेल व्हेरिफाइड' असं एक खूण असलेलं फील्डही असतं पण पत्ता जीमेलचा किंवा वर्कस्पेसचा (गुगलची संस्थांसाठीची सेवा) नसेल तर ती खूण म्हणजे कधीतरी तपासलं होतं इतकंच, आजही तो पत्ता त्याच माणसाकडे आहे याची हमी नाही. मायक्रोसॉफ्टच्या लॉगिनबाबत २०२३ मध्ये याच्यावरून बराच गाजावाजा झाला होता, तिथे खात्यात ईमेलच्या जागी कोणाचाही पत्ता टाकता येत होता आणि ज्या साइटी ईमेल बघून आत घेत होत्या त्या उघड्या पडल्या.

आणि हे झालं गुगलच्या बाजूचं. तुझ्या बाजूला तर रजिस्टरवरून टाइप केलेले ईमेल आहेत. ते कोणी तपासलेत का? एक अक्षर चुकलं असेल तर तो पत्ता जगात दुसऱ्या कोणाचा तरी असणार, आणि तो कधी चुकून तुझ्या साइटवर आला तर थेट सभासदाच्या खात्यात.

अजून एक. पासवर्डने नवीन खातं उघडायची सोय ठेवलीयस का, ईमेल न तपासता? तर मग मी आज तुझ्या आत्याच्या ईमेलने खातं उघडून ठेवते, माझा पासवर्ड. सहा महिन्यांनी आत्या गुगलने लॉगिन करते, तुझी साइट म्हणते अरे हा ईमेल आहेच की आपल्याकडे, आणि दोन्ही जोडून टाकते. आता खातं आत्याचं आणि किल्ली माझ्याकडेही. याला प्री हायजॅकिंग म्हणतात, २०२२ मध्ये संशोधकांनी ७५ मोठ्या साइटी तपासल्या त्यात किमान ३५ ठिकाणी हे किंवा याच्यासारखं काहीतरी जमत होतं. तेव्हा मोठ्यांचं हे, आपलं काय.

ऑलऑथमध्ये ईमेल बघून आपोआप जुन्या खात्यात घ्यायची सेटिंग आहे आणि ती मुळात बंद असते. बंदच राहू दे.

सांगलीचा_कोडर

ताई हे वाचून घाम फुटला आणि मग मी टेबल नीट उघडून बघितलं. अकराशेत चारशेच्या वर ईमेल रिकामे. उरलेल्यांत एकच जीमेल पाच पाच सभासदांना! बाबा, आई, दोन मुलं आणि आजी, सगळ्यांना मोठ्या मुलाचा ईमेल. एका मोबाइल दुकानाच्या नावाचा जीमेल तर अकरा जणांना लावलेला आहे, बहुतेक दुकानदारानेच सगळ्यांना फोन चालू करून देताना आपलाच टाकला असणार.

मग करू काय? आणि सब साठवला तरी तो सभासदाला पहिल्यांदा जोडायचा कसा, कुठला सब कोणाचा हे मला कसं कळणार?

मधली_सुट्टी

कळणार नाहीच, ते काउंटरला कळणार. गुगल फक्त एवढं सांगतं की हा परवा आलेला तोच माणूस आहे. हा सभासद क्रमांक ४१२ आहे हे सांगायचं काम वाचनालयाचं.

मी असं करेन. पहिल्यांदा गुगलने कोणी आलं आणि सब ओळखीचा नाही, तर नवीन खातं बिलकूल बनवायचं नाही. पान दाखवायचं, 'तुमचा सभासद क्रमांक आणि जोडणी कोड टाका'. कोड काउंटरवर, पुस्तक बदलायला येतील तेव्हा छापील चिठ्ठीवर द्यायचा, एकदाच चालेल असा, महिनाभराची मुदत. नुसता सभासद क्रमांक विचारून चालणार नाही, ते क्रमांक ओळीने असतात, कोणीही शेजाऱ्याचा टाकेल. चुकीचा कोड पाच वेळा टाकला की थांबव.

डेटाबेसमध्ये सभासदांच्या टेबलात सबचा कॉलम टाकू नको, वेगळं टेबल कर: कुठून लॉगिन, सब, सभासद. एका सबला अनेक सभासद चालतील, म्हणजे मोठ्या मुलाच्या जीमेलने आत आलं की 'कोणाचं कार्ड बघायचंय' अशी घरातल्यांची यादी, आजीचं, आईचं. आणि एका सभासदाला अनेक सब पण चालतील, मुलाकडूनही दिसेल आणि उद्या आजीने स्वतःचा फोन घेतला की तिच्याकडूनही. घरात असंच असतं की, पुस्तकं सगळ्यांची आणायला एकच जण जातो.

तुझ्या त्या काकांचं रिकामं खातं आहे ना, त्याचा सब काढून त्यांच्या खऱ्या सभासदाला जोड आणि रिकामं उडव.

ग्रंथपाल_काका

मी तंत्रज्ञ नाही, निवृत्त ग्रंथपाल आहे, लेकाने हा धागा दाखवला. दोन गोष्टी विचारतो. आमच्याकडे सत्तरीच्या पुढचे सभासद बरेच. त्यांचं जीमेल दुकानदाराने काढून दिलेलं, त्याचा पासवर्ड त्यांना ठाऊकच नसतो. मग हे गुगलचं बटण त्यांच्या कामाचं काय? मोबाइलवर ओटीपी यावा हे बरं नाही का, बँकेची सवय असते लोकांना.

दुसरं, आपण काय वाचतो हे गुगलला कळणार का? पूर्वी देवघेव रजिस्टर आम्ही दुसऱ्या सभासदाला बघू देत नसू.

नाइटशिफ्ट

काका दोन्ही प्रश्न एक नंबर.

पासवर्ड ठाऊक नसला तरी अँड्रॉइड फोनमध्ये जीमेल आधीच चालू असतं, प्ले स्टोअर त्याच्यावरच चालतं, त्यामुळे बटण दाबलं की 'याच खात्याने पुढे जायचं का' एवढंच विचारतं, पासवर्ड मागत नाही सहसा. माझा अनुभव उलटाच आहे, म्हाताऱ्या माणसांना हे पासवर्डपेक्षा सोपं जातं. अडचण येते फोन बदलला की. तेव्हा पुन्हा काउंटरवरून चिठ्ठी, म्हणजे सोय आहेच.

ओटीपी चांगला आहे पण एसएमएसला भारतात ट्रायच्या (टेलिकॉम नियामक) नियमाने डीएलटीवर (एसएमएस पाठवणाऱ्यांची नोंदणी यंत्रणा) नोंदणी लागते, संस्थेची, पाठवणाऱ्याच्या नावाची, मेसेजच्या मजकुराचीसुद्धा, आणि शिवाय दर एसएमएसला पैसे. अनुदानावर चालणाऱ्या वाचनालयाच्या सचिवांना ते फॉर्म भरायला लावणं म्हणजे... असो.

काय वाचतो ते गुगलला या लॉगिनमधून कळत नाही. त्यांना कळतं ते इतकंच की या खात्याने अमुक साइटवर अमुक वेळी लॉगिन केलं. पुस्तकाचं नाव आपल्या सर्व्हरवर राहतं. हां, पण साइट करणाऱ्याने पानापानावर गुगलच्या ॲनालिटिक्सचा (कुठलं पान किती बघितलं ते मोजणारा) कोड चिकटवला असेल आणि पानाच्या पत्त्यात पुस्तकाचं नाव असेल तर मग ती वेगळी गोष्ट. कोडर साहेब, चिकटवलाय का? 😀

आणि एक सांगायचं राहिलं, हे कोणी आधी सांगत नाही. वाचनालयात सभासदांसाठी एखादा कॉम्प्युटर असतो ना कोपऱ्यात? तिथे देशपांडे काकू गुगलने लॉगिन करणार, काम झालं की 'बाहेर पडा' दाबून जाणार. त्या तुझ्या साइटवरून बाहेर पडल्या, गुगलमधून नाही. पुढचा माणूस येऊन बटण दाबतो आणि थेट काकूंच्या खात्यात, वर त्यांचं जीमेल पण उघडं. गुगलला विनंती पाठवताना 'खातं निवडा' असं दर वेळी विचारायला सांगता येतं, ते लावच, पण त्याने जीमेल बंद होत नाही. त्या कॉम्प्युटरवर ब्राउझर गेस्ट मोडलाच (बंद केला की कोणाचंच लॉगिन उरत नाही) उघडेल असं करून ठेव, किंवा सरळ त्या मशीनवर गुगलचं बटण दाखवूच नको, जुना पासवर्ड राहू दे.

सांगलीचा_कोडर

ॲनालिटिक्स होतं. काढलं. पुस्तकाचं नाव पत्त्यातच होतं, काका सॉरी.

कोपऱ्यातला कॉम्प्युटर पण आहे आणि त्यावर आत्ता कोणाचं तरी जीमेल उघडं आहे, आज जाऊन बघून आलो. 🤦

आयफोनवाले सात आठ जण आहेत, ते म्हणतात ॲपलचं पण लाव. आणि फेसबुक?

फावला_वेळ

सात आठ जणांसाठी ॲपल नको. वर्षाला ९९ डॉलर डेव्हलपर खात्याचे, लॉगिनसाठी लागणारं सीक्रेट (साइटची गुप्त किल्ली) जास्तीत जास्त सहा महिने चालतं मग पुन्हा बनवा, माणसाचं नाव फक्त पहिल्या वेळेला देतात ते साठवायचं राहिलं की गेलं, आणि बरेच जण ईमेल लपवतात तेव्हा तुला ॲपलचा मधला पत्ता मिळतो. (इथेही ईमेल जुळवणारे आपटतात बघ.) शिवाय नाव ईमेल मागितलं की ॲपल उत्तर 'पोस्ट' पद्धतीच्या विनंतीने (फॉर्म भरून पाठवल्यासारखं) पाठवतं, त्यात 'लॅक्स' कुकी (ब्राउझरने ठेवलेली साइटची खूण, बाहेरून साध्या लिंकने आलं तरच सोबत येणारी) येत नाही, तिथे अजून एक रात्र जाईल तुझी. गुगल लावलंय तर ॲपलसारखा पर्याय ठेवा हा नियम ॲप स्टोअरवरच्या ॲपला आहे, साइटला नाही. आयफोनवर पण गुगलचं बटण चालतंच की.

फेसबुकला फोन नंबरवर उघडलेली खाती असतात, ईमेल येतच नाही कधी कधी. आणि एकाच दारावर सगळं अवलंबून ठेवू नको, ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक सहाएक तास बंद पडलं तेव्हा त्यांच्या बटणावर चालणाऱ्या बाहेरच्या साइटींचं लॉगिनही अडलं होतं. सभासद क्रमांक आणि पासवर्ड मागच्या दाराला राहू दे.

सांगलीचा_कोडर

अपडेट. चिठ्ठीवाली पद्धत लावली, आठवड्यात ६३ जण जोडले गेले. काउंटरवरच्या मॅडम खूश आहेत कारण लोक चिठ्ठीच्या निमित्ताने थकलेली वर्गणी पण भरतायत.

दोन तक्रारी. एक, वाचनालयाच्या इन्स्टाग्राम पानावर साइटची लिंक टाकलीय, तिथून आलेल्या पोरांना गुगल ४०३ देतंय, 'डिसअलाउड यूजरएजंट'. दोन, काही लोकांना गुगलवरून परत आल्यावर 'लॉगिन होऊ शकलं नाही' येतं आणि पुन्हा केलं की होतं. सगळ्यांना नाही, काहींनाच. मला एकदाही आलं नाही.

नाइटशिफ्ट

पहिलं: इन्स्टाच्या पोटातल्या ब्राउझरमध्ये पान उघडतंय. असल्या आतल्या ब्राउझरमध्ये गुगल लॉगिन करू देत नाही, २०२१ पासून बंदच केलंय, कारण ज्या ॲपच्या पोटात पान आहे ते तुमचा पासवर्ड वाचू शकतं. उद्या कोणी तुला म्हणालं की साइटचंच वेबव्ह्यू (ॲपच्या पोटातला ब्राउझर) घालून ॲप करून दे तर तिथेही हीच एरर येणार, आत्ताच सांगून ठेवतो. तुझ्या हातात एवढंच की इन्स्टातून आलेलं ओळखून वर पट्टी दाखव, 'तीन टिंबं दाबून क्रोममध्ये उघडा'.

दुसरं: ते लोक पत्ता डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू न लावता टाइप करतायत का?

सांगलीचा_कोडर

थांब विचारतो.

हो!! तिघांना फोन केला, तिघंही विनाडब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू. कसं ओळखलंस राव?

नाइटशिफ्ट

माझी पण रात्र गेली होती यात, ओळखणारच. माणूस डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूशिवाय आला, बटण दाबलं, तेव्हा तुझा सर्व्हर एक 'स्टेट' नावाचा खुणेचा शब्द बनवून सेशनमध्ये (त्या भेटीच्या नोंदीत) ठेवतो आणि तोच गुगलसोबत पाठवतो. परत आल्यावर दोन्ही जुळले तरच आत. नाहीतर कोणीही आपली अर्धवट लॉगिनची लिंक दुसऱ्याला पाठवून त्याला स्वतःच्या खात्यात बसवू शकतो. आता तुझा परतीचा पत्ता डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूचा ठोकलेला असणार कुठेतरी, आणि सेशनची कुकी मात्र विनाडब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूवर राहिली. ब्राउझरच्या लेखी ही दोन वेगळी घरं. कुकी येत नाही, स्टेट सापडत नाही, लॉगिन फसतं. त्यानंतर माणूस डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूवरच असतो म्हणून दुसऱ्यांदा होतं.

एनजिनएक्समध्ये सगळ्यांना पहिल्यापासून एकाच पत्त्यावर ढकल, विषय संपला. स्टेटची तपासणीच बंद करा असा सल्ला नेटवर मिळेल, तो मनावर घेऊ नको. आणि सेशन कुकी लॅक्सच असू दे, कोणाचं ऐकून स्ट्रिक्ट केलीस तर गुगलवरून परत येताना ती येणारच नाही आणि मग सगळ्यांचंच फसेल.

सांगलीचा_कोडर

केलं. काल रात्रीपासून एकही तक्रार नाही. आता दिवाळी अंकांच्या नोंदणीच्या आधी उरलेल्या सगळ्यांच्या चिठ्ठ्या एकदम छापून ठेवतोय, कार्डाला टाचणीने लावून देणार.

मधली_सुट्टी

एकदम छापल्यास तर महिन्याची मुदत चिठ्ठी हातात दिल्यापासून मोज, छापल्यापासून नको, नाहीतर निम्म्या बाद होतील. म्हणजे काउंटरला 'दिली' असं एक बटण लागेल. आणि कोडमध्ये इंग्रजी अक्षरं ठेवू नकोस, ओ आणि शून्य यात लोक हमखास अडकतात, नुसते आठ आकडे ठेव आणि मधे एक मोकळी जागा सोडून छाप.

ग्रंथपाल_काका

आणि टाइप मोठा ठेवा.